मूग ९०४ए: लॅडर फिल्टरचा आवाज नेमका कुठून येतो?

तारसप्तक

मूग कंपनीच्या जुन्या मॉड्युलर सिंथेसायझरमधला ९०४ए हा लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या (कटऑफच्या) वरचे सूर गाळणारा. त्याच्या आवाजाला 'गरम', 'जाड', 'लोण्यासारखा' अशी विशेषणं सर्रास लावतात. विशेषणांवरून सर्किट बांधता येत नाही आणि बिघडलेलं दुरुस्तही करता येत नाही. म्हणून या धाग्यात फक्त कारणं आणि आकडे बघू या.

आधी ओळख. रॉबर्ट मूग यांनी या फिल्टरच्या पेटंटसाठी ऑक्टोबर १९६६ मध्ये अर्ज केला, ते ऑक्टोबर १९६९ मध्ये मिळालं. कंपनी तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रुमन्सबर्ग गावात होती. ९०४ए च्या पॅनलवर फार काही नाही: कटऑफचा मोठा नॉब, रीजनरेशनचा नॉब (आज आपण त्याला रेझोनन्स म्हणतो; तो कटऑफजवळचे सूर उठवतो), तीन टप्प्यांचा रेंज स्विच, कंट्रोल व्होल्टेजसाठी तीन जॅक आणि सिग्नलची ये-जा. जोडीला ९०४बी हा हाय-पास, आणि दोघांना एकत्र चालवणारा ९०४सी कपलर. १९७० च्या मिनीमूगमध्ये हीच शिडी (लॅडर) आहे.

शिडी म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक. सगळ्यात खाली ड्रायव्हरची (सिग्नल आत घेणारी) जोडी, तिच्यावर चार जोड्या, आणि या चारही जोड्यांच्या एमिटरांमध्ये आडवा एकेक कपॅसिटर. एकूण १० ट्रान्झिस्टर, ४ कपॅसिटर. खालून ओढलेला करंट दोन्ही खांबांतून वरून खाली वाहतो. एमिटरचा स्वतःचा रोध त्या करंटवर ठरतो, करंट दुप्पट केला की रोध निम्मा. म्हणजे प्रत्येक पायरीवर एक आरसी (रोध-कपॅसिटर) फिल्टर, आणि त्यातला 'आर' आपण व्होल्टेजने फिरवतो. चार पायऱ्या, म्हणून कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबलची घसरण.

कटऑफ काढायचा हिशोब: करंट भागिले (८ गुणिले π गुणिले २६ मिलिव्होल्ट गुणिले कपॅसिटर). ६८ नॅनोफॅरड धरले तर १ किलोहर्ट्झला सुमारे ४४ मायक्रोअँपियर, २० हर्ट्झला जेमतेम ०.९ मायक्रोअँपियर आणि १६ किलोहर्ट्झला ०.७ मिलिअँपियर. एवढ्या मोठ्या पल्ल्यात एक साधा ट्रान्झिस्टर इमानदारीने चालतो, हेच मला या रचनेतलं सगळ्यात देखणं वाटतं.

---

खर्जवाला

छान सुरुवात. पहिला मुद्दा माझ्या आवडीचा: रेझोनन्स वाढवला की खर्ज का बसतो? अनेक जण याला दोष समजून दुरुस्त करायला निघतात.

---

अर्धा_डेसिबल

खर्जवाला, यात गूढ काही नाही, गणित आहे.

चारही पायऱ्या सारख्या असतील तर कटऑफला प्रत्येक पायरी सिग्नल ४५ अंशांनी मागे टाकते, चार मिळून १८० अंश. प्रत्येक पायरीत आवाज ०.७०७ पट होतो, चौघींत मिळून एक चतुर्थांश. आता फीडबॅक उलट्या बाजूला देतात, म्हणजे आणखी १८० अंश. कटऑफला चक्कर पूर्ण होऊन सिग्नल स्वतःच्याच तालात परत येतो. तो टिकायचा असेल तर शिडीतली एक चतुर्थांशची तूट भरून निघाली पाहिजे, म्हणून फीडबॅक ४ पट झाला की फिल्टर आपणहून शिट्टी मारतो.

पण खर्जाच्या फ्रीक्वेन्सीला पायऱ्या काहीच मागे टाकत नाहीत. तिथे तोच फीडबॅक सरळ वजाबाकी करतो: १ भागिले (१ अधिक ४), म्हणजे एक पंचमांश, म्हणजेच १४ डेसिबलची घट. शिट्टीच्या उंबरठ्यावर मूगचा खर्ज १४ डेसिबलने खाली असणारच.

भरपाई करता येते. आत येणारा सिग्नल थोडा फीडबॅकच्या वाटेवरही मिसळायचा. पण पूर्ण भरपाई केली तर रेझोनन्सचं शिखर आणि खर्ज दोन्ही एकाच वेळी उंच होतात आणि पुढचं मॉड्युल करकरायला लागतं. मूळ रचनेत रेझोनन्स वर येताना बाकीचा आवाज वाट करून देतो. मूगच्या 'व्वाव'मध्ये जो घसा ऐकू येतो तो यामुळेच. माझ्या मते भरपाई करूच नये, आणि करायचीच तर अर्ध्यावर थांबावं.

---

तपकीर_गल्ली

बांधणाऱ्यांसाठी आकडे देतो, ±१२ व्होल्ट सप्लायवर चालणारे. (मूळ मूग मॉड्युलर +१२ आणि -६ वर चालतो, त्यामुळे जुना नकाशा जसाच्या तसा उतरवू नका.)

शिडीच्या बायससाठी ग्राउंडपासून वर ४७० ओहमचे चार रेझिस्टर आणि शेवटी १.८ के (किलोओहम) थेट +१२ ला. साखळीतून ३.३ मिलिअँपियरच्या आसपास जातात. ड्रायव्हरचे बेस ग्राउंडच्या पातळीवर राहतात, वरच्या चार जोड्यांचे बेस साधारण १.५, ३.१, ४.६ आणि ६.१ व्होल्टवर. प्रत्येक सांध्याला १० मायक्रोफॅरड ग्राउंडला. मीटर लावून हे चार आकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखादा आकडा बराच खाली असेल तर त्या पायरीवरचा ट्रान्झिस्टर उलटा बसलाय असं समजा.

उलटा बसण्याचं कारण नेहमीचंच. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ चे बरोबर उलटे: एमिटर, बेस, कलेक्टर. परदेशी बोर्डावर २एन३९०४ चं चित्र छापलेलं असतं आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत बीसी५४७ हातात पडतो. मग ट्रान्झिस्टर १८० अंशांत फिरवून बसवायचा, इतकंच.

सिग्नल आत घेताना १०० के, आणि ड्रायव्हरच्या बेसपासून ग्राउंडला ४७० ओहम. ऑसिलेटरचे ±५ व्होल्ट बेसवर ±२३ मिलिव्होल्ट होतात. फीडबॅक दुसऱ्या बेसला: रेझोनन्सच्या १० के पॉटच्या मधल्या पायापासून १० मायक्रोफॅरड, मग २२ के, आणि तिथेही ग्राउंडला ४७० ओहम. शिडीनंतरची वाढ २२० पट ठेवली तर फीडबॅक जास्तीत जास्त ४.६ पट होतो. शिट्टीला ४ लागतात, वर थोडी शिल्लक. कपॅसिटर थोडे उन्नीस-बीस असतील तर ४ पेक्षा जास्त फीडबॅक लागतो, ती शिल्लक त्यासाठीच.

---

सोल्डरताई

ट्रान्झिस्टर जुळवण्याबद्दल, कारण इथेच जास्त वेळ वाया जातो.

दहाही जुळवायची गरज नाही. ड्रायव्हरची जोडी आणि सगळ्यात वरची जोडी, या दोन जुळल्या पाहिजेत. मधल्या तीन जोड्यांतून खालून आलेला करंट जसाच्या तसा वर जातो, तिथे एकाच पाकिटातले ट्रान्झिस्टर पुरे. बीसी५४७ बी चे ५० नग घ्या, त्यांतून चांगल्या जोड्या सहज निघतात.

पद्धत: ब्रेडबोर्डवर दोन ट्रान्झिस्टर शेजारी ठेवा. प्रत्येकाचा बेस त्याच्याच कलेक्टरला जोडा, एमिटर ग्राउंडला. प्रत्येकाला +१२ पासून १०० के, १ टक्क्याचा. करंट सुमारे ११४ मायक्रोअँपियर येतो. डावा ट्रान्झिस्टर कायम, उजवीकडे एकेक बदलत जायचं. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून दोघांच्या बेसमधला फरक मोजायचा. ०.६ व्होल्ट सरळ मोजायला गेलात तर स्वस्त मीटर १ मिलिव्होल्टच्या खाली दाखवत नाही, फरक मोजला तर ०.१ पर्यंत दिसतं.

बोटाने धरलेला ट्रान्झिस्टर गरम होतो आणि प्रत्येक अंशाला २ मिलिव्होल्टने सरकतो. म्हणून चिमट्याने बसवा, पंखा बंद ठेवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा. मगच कागदावर लिहा. १ मिलिव्होल्टचा फरक म्हणजे दोन खांबांतल्या करंटमध्ये ४ टक्क्यांचा फरक. १ च्या आतली जोडी उत्तम, २ पर्यंत चालेल.

सीए३०४६ हा पाच ट्रान्झिस्टरांचा जुना आयसी मिळाला तर कष्ट वाचतात. मात्र त्याचा १३ नंबरचा पाय सर्किटमधल्या सगळ्यात ऋण जागेला जोडला पाहिजे, आणि पाचव्या ट्रान्झिस्टरचा एमिटर आतून त्याच पायाला आहे. हे विसरलं की आयसी चांगला असूनही काहीच्या काही वागतो. हल्ली नव्याने छापलेले नगही येतात, म्हणून बसवण्याआधी त्याची पहिली जोडी वरच्याच पद्धतीने मोजा. फरक ५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल तर परत करा.

---

मंद्र_सा

सोल्डरताई, सुरेख. एक शंका. जुने जर्मेनियम किंवा त्या काळातले सिलिकॉन ट्रान्झिस्टर शोधून लावले तर आवाज जास्त मूगसारखा येतो, असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. तथ्य किती?

---

अर्धा_डेसिबल

९०४ए सिलिकॉनचाच आहे, जर्मेनियमचा प्रश्नच येत नाही. सिलिकॉनमध्ये एमिटरचा रोध करंट आणि तापमानावर ठरतो, ट्रान्झिस्टरच्या वयावर नाही. ऐकू येणारा फरक तुम्ही फिल्टरला किती मोठा सिग्नल देता त्यात आहे. ड्रायव्हरची जोडी ±१८ मिलिव्होल्टच्या साइन लाटेला सुमारे १ टक्का तिसरा हार्मोनिक लावते. इनपुटच्या १०० के नंतर ग्राउंडला जाणारा रेझिस्टर २२० ओहम केला तर ±११ मिलिव्होल्ट, आवाज स्वच्छ. ४७० ला ±२३, किंचित भरीवपणा. १ के ला ±५०, आणि तिथे बास जाड आणि चपटा होतो. जुने ट्रान्झिस्टर शोधण्यापेक्षा हा दोन रुपयांचा रेझिस्टर बदलून ऐका.

---

तारसप्तक

अर्धा_डेसिबल, निष्कर्षाशी सहमत, पण एक दुरुस्ती, आणि ती महत्त्वाची आहे.

ड्रायव्हर करंट वाकवतो हे खरं. पण आउटपुट आपण सगळ्यात वरच्या जोडीच्या एमिटरांमधून घेतो, आणि ती जोडी करंटचं पुन्हा व्होल्टेज करताना बरोबर उलटी वाकवते. खाली जे दाबलं गेलं ते वर उघडतं. म्हणून कटऑफच्या खूप खालच्या सुरांना लॅडर जवळपास स्वच्छ जाऊ देतो, ±२३ काय, ±५० मिलिव्होल्टलाही. तुमचा १ टक्का करंटमध्ये असतो, आउटपुटला तो मिटलेला असतो.

हे मिटणं बिघडतं ते कपॅसिटर मध्ये पडल्यावर, म्हणजे सूर कटऑफच्या जवळ आला की. तिथे ड्रायव्हरचा वाकडेपणा आणि वरच्या जोडीचा वाकडेपणा एका वेळेला भेटत नाहीत. शिवाय कपॅसिटर भरायला एकूण करंटपेक्षा जास्त काही मिळू शकत नाही, त्यामुळे मोठ्या सिग्नलवर लाटेचा उतार कापला जातो आणि ती त्रिकोणाकडे झुकते.

म्हणून ९०४ए पूर्ण उघडा असताना ऑसिलेटरच ऐकू येतो, फिल्टर जाणवत नाही. बंद होत जाताना, सूर कटऑफच्या पट्ट्यात शिरला की भरीवपणा येतो. सॉटूथचा (करवतीच्या दातांसारख्या लाटेचा) ११० हर्ट्झचा 'ए' सूर लावा, रेझोनन्स अर्ध्यावर ठेवा, कटऑफ वरून अगदी सावकाश खाली आणा. एकेक हार्मोनिक उजळतो आणि विझतो. तंबोऱ्याच्या जवारीत सूत सरकवताना हार्मोनिकांची जी माळ उलगडते, तसंच. ४४० वरून ३३० आणि मग २२० वर येताना प्रत्येक थांब्याला किंचित खरखर लागते आणि मधल्या जागेत आवाज पुन्हा गोल होतो. ही खरखर म्हणजे तो न मिटलेला वाकडेपणा.

---

अर्धा_डेसिबल

मान्य. आउटपुटच्या ठिकाणी हिशोब करायला हवा होता. ग्राउंडला जाणारा तो रेझिस्टर बदलून ऐकायचं तर फिल्टर अर्धा बंद ठेवूनच ऐकावं, हे त्यातून निघतं.

---

खर्जवाला

रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या बास सिंथेसायझरचा उल्लेख इथे हवाच. त्याचा फिल्टरही शिडीच आहे, पण वेगळी. तिथे ट्रान्झिस्टर डायोडसारखे जोडलेले असतात आणि एक पायरी दुसरीवर भार टाकते, त्यामुळे चार ध्रुव एका जागी न राहता पसरतात. कपॅसिटर तीन ३३ नॅनोचे आणि एक १८ नॅनोचा. म्हणून कटऑफजवळचा उतार सौम्य लागतो आणि त्याला १८ डेसिबलचा फिल्टर म्हणायची पद्धत पडली, प्रत्यक्षात पायऱ्या चारच आहेत. मूळ यंत्र मूगसारखी स्वच्छ शिट्टी मारत नाही, तो चिरका, रबरी आवाज यातूनच येतो.

आपल्याकडच्या कानांना हा आवाज नवा नाही. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत टीबी-३०३, टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) घेऊन राग वाजवले. आणि मूगचा मॉड्युलर संच तर १९६९ मध्येच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी उभा केला होता.

---

मंद्र_सा

धन्यवाद खर्जवाला. आता बिघाडांची बाजू. तीन लक्षणं वारंवार विचारली जातात: (१) कटऑफ पूर्ण खाली आणूनही फिल्टर बंद होत नाही, (२) एन्व्हलप (कटऑफ झटक्यात वर नेऊन खाली आणणारं व्होल्टेज) लागला की 'धप्प' असा आवाज येतो, (३) शिट्टी येत नाही किंवा खालच्या सुरांत मरते. कुठे बघायचं?

---

तपकीर_गल्ली

(१) शिडीच्या वरच्या टोकाला बघा. वरच्या एमिटरांवर साडेपाच व्होल्ट असतात. तिथे ऑप-अँपच्या डिफरन्स अँप्लिफायरचे १०० के सरळ जोडले तर त्यातून ५५ मायक्रोअँपियर वाहतात. फिल्टर २० हर्ट्झला आणायला सगळ्या शिडीत ०.९ मायक्रोअँपियर हवेत, आणि वरची जोडी मात्र त्याच्या कितीतरी पट करंट ओढत बसते. चौथी पायरी उघडीच राहते. उपाय: दोन्ही एमिटरांना आधी टीएल०७२ या ऑप-अँपचे दोन फॉलोअर (व्होल्टेज तसंच पुढे देणारे) लावा, त्यांच्यापुढे डिफरन्स अँप्लिफायर. टीएल०७२ च्या इनपुटला करंट जवळजवळ लागत नाही, इथे तोच का हवा त्याचं कारण हे.

(२) 'धप्प'चं मुख्य कारण ड्रायव्हरचे दोन बेस. कटऑफ वर गेला की बेस करंट वाढतो, ०.७ मिलिअँपियरला प्रत्येकी सुमारे १.२ मायक्रोअँपियर. एका बेसपासून ग्राउंडपर्यंत ४७० ओहम आणि दुसऱ्याला २.२ के असेल तर फरक २ मिलिव्होल्टचा. पुढे २२० पट वाढ, म्हणजे आउटपुटला ०.४ व्होल्टचा धक्का. दोन्ही बाजूंना अगदी सारखा रोध ठेवा, धक्का कमी होतो. उरलेला काढायला ड्रायव्हरच्या एका बेसला १ मेगमधून प्रीसेटने थोडं व्होल्टेज द्या आणि आवाज ऐकत फिरवा. मूळ मॉड्युलमध्ये आउटपुटचा अँप्लिफायर सुट्या ट्रान्झिस्टरांचा आहे. तिथे वरच्या एमिटरांची सामायिक पातळी दर सप्तकाला १८ मिलिव्होल्टने हलते, तिचाही थोडा अंश गळतो.

(३) आधी फीडबॅकची दिशा. रेझोनन्स वाढवताना खर्ज कमी होत असेल तर दिशा बरोबर. खर्ज वाढत जाऊन फटफट सुरू झाली तर शिडीच्या आउटपुटच्या दोन तारा अदलाबदल झाल्यात. दिशा बरोबर असून फक्त खालची शिट्टी मरत असेल तर फीडबॅकचा कपॅसिटर बघा. २२ के बरोबर ०.१ मायक्रो लावला तर ७० हर्ट्झच्या आसपासच वाट बंद होते. १० मायक्रोला ही मर्यादा १ हर्ट्झच्याही खाली जाते. फक्त वरची शिट्टी मरत असेल तर वाढवणाऱ्या ऑप-अँपवर संशय घ्या. २२० पट वाढ एकाच टीएल०७२ कडून घेतली की त्याचा पल्ला १५ किलोहर्ट्झच्या आत संपतो. वाढ दोन टप्प्यांत वाटा, १५ पट आणि १५ पट.

कपॅसिटरबद्दल: शिडीत फिल्म किंवा पॉलिस्टायरीन, ५ टक्क्यांचे १० नग घेऊन त्यांतले जवळचे चार निवडा. एक्स७आर सिरॅमिक तापमानाबरोबर सरकतात आणि बोर्डावर टिचकी मारली तर ती स्पीकरमधून ऐकू येते.

---

मंद्र_सा

आणि सप्तकाला १ व्होल्ट जुळवायचं कसं? शिट्टीवर सूर वाजवायचे असतील तर.

---

सोल्डरताई

एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरच्या (कंट्रोल व्होल्टेजवरून शिडीचा करंट ठरवणाऱ्या ट्रान्झिस्टर जोडीच्या) बेसला दर सप्तकाला १८ मिलिव्होल्ट लागतात. म्हणून वर ५१ के आणि त्याला जोडून १० के चा मल्टीटर्न प्रीसेट, खाली १ के चा +३३०० पीपीएमचा तापमान-रेझिस्टर. प्रीसेट मधल्या आसपास, एकूण ५५ के च्या जवळ जुळतो.

१५-२० मिनिटं यंत्र तापू द्या. इनपुट काढून टाका, रेझोनन्स पूर्ण वर. कंट्रोलला ० व्होल्ट असताना कटऑफ नॉबने शिट्टी २२० हर्ट्झवर आणा. मग १ व्होल्ट द्या. ४४० च्या वर गेली तर प्रीसेटने रोध वाढवा, खाली राहिली तर कमी करा. परत ० व्होल्टला जाऊन २२० जुळवा. चार-पाच फेऱ्यांत बसतं. मोबाइलमधला ट्यूनर पुरतो.

तापमान-रेझिस्टर कन्व्हर्टरच्या ट्रान्झिस्टर जोडीला टेकूनच हवा, मध्ये थोडी थर्मल पेस्ट. दोन इंच दूर लावला तर त्याचा उपयोग नाही.

एवढं करूनही शिट्टी दर अंशाला साधारण ६ सेंटनी उतरते. कारण तापमान-रेझिस्टर कन्व्हर्टर सांभाळतो, पण शिडीतल्या एमिटरांचा रोध तापमानाबरोबर वेगळा वाढतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. सकाळी २४ अंशांवर जुळवलेला फिल्टर दुपारी ३४ ला अर्ध्या श्रुतीपेक्षा जास्त उतरलेला असतो, जवळपास ६० सेंट. सॉटूथ गाळताना हे कानाला कळतही नाही. शिट्टीवर राग वाजवायचा असेल तर वाजवण्याच्या खोलीत, वाजवण्याच्या वेळी, कटऑफ नॉबने तंबोऱ्याच्या सा ला मिळवून घ्या. प्रीसेटला हात लावू नका, सप्तकाचं अंतर बरोबरच असतं, फक्त सा खाली आलेला असतो.

---

तारसप्तक

सोल्डरताई, हे सगळीकडे चुकतं. उतरलेला सा बघून लोक प्रीसेट फिरवतात आणि सप्तक बिघडवून ठेवतात. अर्ध्या श्रुतीच्या जागी मी अर्धं अर्धांतर म्हणेन, १०० सेंटचं अर्धांतर धरलं तर ६० सेंट त्याच्या अर्ध्याहून थोडे जास्त.

---

सोल्डरताई

बरोबर, अर्धांतराच्या निम्म्याहून थोडं जास्त असंच वाचा. वरच्या प्रतिसादात बदल करता येत नाही म्हणून इथे नोंदवते. आणि नॉबने जुळवताना आधी वरच्या सप्तकातला सा तपासा: तोही तेवढाच उतरलेला असेल तर नॉब पुरे, कमी-जास्त असेल तरच प्रीसेट.